जुनापाणीच्या रानातली दगडी रिंगणं

नांगरताना फाळाला धोंडा लागला की आपल्या मुरबाड-शहापूरकडचा शेतकरी दोन शिव्या हासडतो, पहार घालून तो उकरतो आणि बांधावर लोटून देतो. आपल्या खाचरांचे निम्मे बांध असे पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिव्यांवरच उभे आहेत म्हणा ना! तेव्हा शेतात धोंडे असणं यात आपल्याला काय नवल? पण पोरांनो, नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर जुनापाणी नावाचं गाव आहे, तिथले धोंडे निराळे. बसा ऐसपैस, गोष्ट जरा मागची आहे.

तिथे गेलात तर पहिल्यांदा काहीच दिसायचं नाही. माळरान, वाळकं गवत, अधूनमधून पळस, पलीकडे कुणाची तरी तूर, आणि हे असे काळे दगड पडलेले. मग एखाद्या दगडाशी उभं राहायचं आणि नजर नुसती जमिनीलगत फिरवायची. शेजारी दुसरा दगड, त्याच्या शेजारी तिसरा, आणि फिरत फिरत नजर पुन्हा आपल्याच पायांशी येते तेव्हा कळतं, की आपण एका रिंगणाच्या काठावर उभे आहोत, आतली जमीन मधोमध किंचित फुगलेली आहे, आणि पलीकडे तसंच दुसरं रिंगण आहे, त्याच्यापलीकडे आणखी. अशी सुमारे तीनशे रिंगणं या एका गावच्या रानात आहेत. जाणकार त्यांना शिळावर्तुळं म्हणतात.

आता हे पहिल्यांदा उकरलं कुणी, तर कापसाच्या साहेबानं! रिव्हेट-कार्नॅक नावाचा एक इंग्रज अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता. त्याचं काम सरकी, गाठी, गिरण्या यांच्याकडे बघायचं. पण कापूस बघायला रानोमाळ हिंडणाऱ्या माणसाला रान काय स्वस्थ बसू देतं होय? एकोणिसाव्या शतकात त्यानं जुनापाणीची काही रिंगणं खणली आणि खाली निघाली मातीची भांडी, लोखंडाची हत्यारं आणि मेलेल्या माणसांच्या खुणा. जमीन फुगलेली का, त्याचं उत्तर मिळालं. मृताला ठेवायचं, भोवती त्याचं सामान मांडायचं, वर माती आणि दगडगोटे रचायचे आणि सगळ्याला मोठ्या धोंड्यांचं कडं घालायचं, अशी ती रीत. पुढे १९६१-६२ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथे पद्धतशीर खणलं.

हे कडं घालणं म्हणजे काय, ते जरा हिशेबानं बघा. दगड आपलाच, माहुली किल्ल्याचा आणि माळशेजच्या कड्यांचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळून थिजलेल्या लाव्हाचा काळा पाषाण. तो इथून पसरत पसरत नागपुराशी जाऊन संपतो. हातभर लांब, हातभर रुंद, हातभर उंच असा याचा एक धोंडा पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतो. अशा धोंड्यांचं अख्खं कडं, ना जेसीबी, ना ट्रॅक्टर. माणसं, दोरखंड, लाकडी ओंडके, फार तर बैल. एकट्या घरचं हे काम नव्हे. गावच्या गाव राबलं असणार, आणि राबणाऱ्यांना जेवायला कुणी घातलं असेल, याचा मला आपला उगीच विचार येतो.

पण खरं नवल पुढेच आहे. नागपूरजवळच माहुरझरी म्हणून गाव आहे. तिथे १९७० च्या सुमारास शां. भा. देवांनी वर्तुळं खणली, तर माणसाच्या सोबतीला घोडा निघाला. घोड्याच्या काही हाडांवर धारदार हत्याराच्या खुणा, म्हणजे धन्यापाठोपाठ त्यालाही मारून पुरला असावा. तोंडात लोखंडी लगाम, आणि डोक्यावर काय, तर तांब्याच्या पत्र्याचा साज! म्हशाच्या जत्रेत आपण खोंडाची शिंगं रंगवतो, गोंडे बांधतो, झूल घालतो, तशी त्या घोड्याची हौस केलेली. फरक इतकाच, की आपला खोंड जत्रेहून घरी येतो. अश्वमेधाचं नाव तुम्ही ऐकलंय ना? आपल्या वैशाखऱ्याच्या वर नाणेघाटाच्या गुहेत नागनिका राणीचा लेख आहे, त्यात अश्वमेधाचा उल्लेख आहे. पण तो लेख इ.स.पूर्व पहिल्या शतकातला. नाणेघाटाचा तो दगडी रांजण कुणी कोरलाही नव्हता, तेव्हाचे हे विदर्भातले घोडे.

इतकं जुनं, हे कशावरून, असं विचाराल. पेंच नदीच्या काठी नैकुंड गावी याच लोकांची वस्ती खणताना लोखंड गाळायची एक छोटी भट्टी सापडली. मातीच्या विटांची, भात्याचा वारा आत सोडायच्या नळ्यांसकट, आणि भोवती लोहकिटाचे खडे. अशा ठिकाणचा कोळसा फार बोलका असतो. झाड जिवंत असतं तोवर हवेतला किरणोत्सारी कार्बन घेत राहतं. तोडलं की घेणं थांबतं आणि आतला साठा घटत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा. किती उरला ते मोजलं की झाड कधी पडलं ते कळतं. नैकुंडच्या कोळशानं इ.स.पूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचा काळ सांगितला. म्हणजे सव्वीसशे वर्षं झाली!

आणि ही माणसं राहायची कशात, ठाऊक आहे? लाकडी मेढी रोवायच्या, वर छप्पर, खाली चोपलेली माती. नैकुंडला आणि टाकळघाटला त्यांची वस्ती सापडली, ती मेढींच्या भोकांवरून आणि जमिनीच्या थरांवरून. जिवंतपणी कुडाचं घर आणि मेल्यावर पाषाणाचं! राहती गावं बरीचशी मातीत मिसळून गेली, मेलेल्यांचा पत्ता तेवढा जागेवर राहिला.

एक गंमत सांगायची राहिलीच. जुनापाणीच्या काही दगडांवर लहान लहान गोल खळगे कोरलेले आहेत. बोट आत टेकवून बघा, पावसापाण्यानं झिजलेला खड्डा असा गुळगुळीत आणि ओळीत नसतो. रिव्हेट-कार्नॅकच्या हे तेव्हाच ध्यानात आलं होतं, आणि त्याला इंग्लंड-स्कॉटलंडातल्या तसल्याच खळग्यांची आठवण झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा असलेल्या मयंक वाहिया आणि त्यांच्या सोबत्यांनी पुढे ही रिंगणं मोजली, तर खळग्यांचे दगड कडेला कुठेही नव्हेत, ठरावीक दिशांनाच दिसले. त्यावरून त्यांना यात आकाशाशी काही नातं असावं असं वाटतं. मला तर वाटतं, नातं असायलाच हवं. विजेचे दिवे नव्हते तेव्हा रात्री दुसरं बघायचं काय? आणि कडी घालायची रीत म्हणाल, तर ती काही इथलीच नव्हे. आफ्रिकेत गॅम्बिया नदीकाठीही थडग्यांभोवती दगडांची अशी कडी आहेत, आणि त्या माणसांनी आपलं नावही ऐकलेलं नव्हतं.

तेव्हा विदर्भात कुणाकडे लग्नाला गेलात तर एक दिवस जास्त राहा. थंडीत जा, पावसाळ्यात ती काळी माती जोडा सोडायची नाही. दगडावर बसा हवं तर, पण हलवू नका. एक धोंडा उचलून बांधाला लावला की रिंगण तुटलं, आणि तुटलेलं रिंगण ओळखू येत नाही. आणि कुणाच्या शेतात असं कडं दिसलं, विदर्भात किंवा कुठेही, तर नांगर बाजूनं घ्यायला सांगा आणि पुरातत्त्व खात्याला एक पत्र टाका.