घरच्या रेकॉर्डिंगसाठी माईक घेताना

गोष्टी वाचून दाखवायच्या असोत, पॉडकास्ट करायचा असो की आजीच्या आठवणी तिच्याच आवाजात जपायच्या असोत, पहिला प्रश्न एकच येतो: माईक कोणता घेऊ? माझं उत्तर अनेकांना उलटं वाटतं. घरासाठी सगळं टिपणारा माईक नको, तुमच्या तोंडाजवळचंच नीट ऐकणारा हवा.

आधी खोली ऐका

रात्री सगळं शांत झाल्यावर फोनवर एक मिनिट, काहीही न बोलता, रेकॉर्डिंग करा आणि हेडफोन लावून ऐका. पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण, खालून गेलेली रिक्षा, सगळं त्यात सापडेल. मग एक टाळी वाजवा. टाळीमागून पोकळ नाद घुमला, तर भिंती आणि फरशी आवाज परत फेकताहेत असं समजा. आपल्याकडच्या गुळगुळीत भिंती आणि टाइल्स याला फारच पोषक. दोन जाड गोधड्या, भिंतीला उभी केलेली गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांनी हा घुमारा चांगलाच कमी होतो. रस्त्यावरचा हॉर्न मात्र गोधडीने थांबत नाही. त्याला उपाय म्हणजे खिडकी बंद करणं आणि वेळ नीट निवडणं.

डायनॅमिक की कंडेन्सर

डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला तारेची गुंडाळी चिकटवलेली असते. आवाजाने पडदा हलला की गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि वीज निर्माण होते. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्यामागची स्थिर पट्टी यांच्यातलं अंतर बदलतं, त्यातून सिग्नल मिळतो. हलका पडदा बारीक आवाजालाही दाद देतो, म्हणून कंडेन्सर स्टुडिओत लाडका. घरात मात्र शेजारच्या कुकरची शिट्टीही तो तितक्याच प्रेमाने टिपतो. मी पहिल्यांदा कंडेन्सरच घेतला होता. दोन तास वाचलेली कथा ऐकायला बसले, तर वरच्या मजल्यावरचा खलबत्ता प्रत्येक परिच्छेदात हजर होता. सगळं पुन्हा वाचावं लागलं.

कॉलरला लावायच्या स्वस्त माईकमध्ये बहुधा इलेक्ट्रेट ही कंडेन्सरचीच जात असते. जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी ती १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये विकसित केली. कंडेन्सर इतका स्वस्त होऊ शकला, तो या शोधामुळे.

अंतराचं गणित

खरी मेख इथे आहे. माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. १० सेंटिमीटरवरून ४० सेंटिमीटरवर गेलात तर १२ डेसिबल गेले. पंख्याचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो, कारण पंखा दोन्ही वेळा लांबच आहे. मग तुम्ही व्हॉल्यूम वाढवता आणि त्याबरोबर पंखाही वाढतो. डायनॅमिक माईक गोंगाट जादूने गाळत नाही. तो जवळून बोलायला लावतो, फायदा त्या जवळिकीचा आहे. म्हणून हातात कुठलाही माईक असला, तरी तोंडापासून साधारण चार बोटं ते एक वीत एवढंच अंतर ठेवा.

कार्डिऑइड प्रकारचा माईक समोरचं जास्त आणि पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. त्याची पाठ खिडकीकडे करा. बोलायची बाजूही तपासून घ्या. उभ्या कंडेन्सरमध्ये बहुधा कडेने बोलायचं असतं, हातात धरायच्या माईकमध्ये टोकाने. चुकीच्या बाजूने बोलून चांगल्या माईकला नावं ठेवणारे बरेच भेटतात.

खिशाप्रमाणे

सुरुवातीला कॉलर माईक पुरेसा आहे. बोया बीवाय-एम१ आपल्याकडे खूप चालतो. त्याची वायर तब्बल ६ मीटर आहे. तो चारी दिशांचं ऐकतो, त्यामुळे खोली शांत हवी. वायरची पिन मात्र बघून घ्या. फोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. फोनला हेडफोनचं भोक नसेल, तर माईक चालवणारा टाइप-सी अडॅप्टर लागेल.

पुढची पायरी यूएसबी डायनॅमिकची, आणि बहुतेकांनी इथेच थांबावं असं मला वाटतं. सॅमसन क्यू२यू यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओतली तीन पिनांची जोडणी) दोन्हीवर चालतो, म्हणजे पुढे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे अशा माईकला कंप्युटरशी जोडणारा डबा, घेतलात तरी तोच माईक उपयोगी पडतो.

स्टँड, कात्रीसारखा दुमडणारा हात आणि जाळी असा भरगच्च संच अगदी स्वस्तात देणारे बीएम-८०० छापाचे कंडेन्सर मात्र जपून घ्या. त्यांना नीट चालायला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माईकच्या वायरमधूनच दिला जाणारा वीजपुरवठा, लागतो. तो न देता सोबतच्या वायरने थेट लॅपटॉपला जोडले, तर आवाज बारीक आणि मागे सतत खरखर.

मराठीचा फ आणि भ

मराठीत महाप्राण व्यंजनं भरपूर. ‘फणस’ म्हणताना तोंडासमोर तळहात धरा, वाऱ्याचा झोत जाणवेल. तोच पडद्यावर आदळून ‘भप्प’ असा आवाज होतो. स्पंजची टोपी किंवा पॉप फिल्टर लावाच, शिवाय माईक तोंडाच्या नेमका समोर न ठेवता थोडा कडेला ठेवा.

नवा माईक आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन वाक्यं रेकॉर्ड करा: ‘फणसाच्या फांदीवर भलंमोठं फळ’ आणि ‘सशाने शेताशेजारी शेंगा सोलल्या’. पहिल्यात ‘भप्प’ किंवा दुसऱ्यात शिट्टी ऐकू आली, तर आधी माईकची जागा बदलून पाहा. तरीही फरक पडला नाही, तर तो माईक परत करा.