डिप्लोमा झाला, पदवीचा अर्ज कधी?

कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत आमच्या नात्यातली एक मुलगी राहते. कला शाखेतून बारावी झाली, तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा केला आणि गेली सहा वर्षे एका खाजगी रुग्णालयात नोकरी करते. बहुतेक रात्रपाळीच. तिने सलाइन लावायला शिकवलेली, चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी परवा तिचीच इन्चार्ज झाली. घरी येऊन ती आईला एवढेच म्हणाली, "काम मी शिकवलं, खुर्ची तिला मिळाली."

मी विचारले, "मग पदवीचा अर्ज का भरला नाहीस?" तर म्हणाली, "काका, गेल्या वर्षी भरला होता. राखीव जागेवर नावही लागलं होतं. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हातात आलं नाही. जागा गेली."

बांधवांनो, ही एका घराची गोष्ट आहे काय? ठाण्यापासून अंबरनाथपर्यंत आपल्या वस्त्यांत अशा किती मुली आहेत ते आपणच मोजून पाहावे.

अमेरिकेत दुसऱ्या विषयाचा पदवीधर साधारण वर्ष-दीड वर्षात नर्सिंगची पदवी घेऊ शकतो. आपल्याकडे बी.ए., बी.कॉम. झालेल्यांना अशी जवळची वाट नाही. त्यांना नर्सिंगची सुरुवात पहिल्यापासूनच करावी लागते. मात्र जीएनएम झालेल्यांसाठी एक वाट आहे. तिचे नाव पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग आणि मुदत दोन वर्षे. बारावी, जीएनएम आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, या तिच्या मूळ अटी. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते. म्हणजे विज्ञान शाखेची फी परवडली नाही म्हणून कला शाखेला गेलेल्या मुलीलाही जीएनएममार्गे पदवी गाठता येते. पुढे एम.एस्सी., नर्सिंग कॉलेजात शिकवण्याची नोकरी, ही दारे पदवीशिवाय उघडत नाहीत.

हे काम आपल्याला परके नाही. खेड्यापाड्यात बाळंतिणीची नाळ कापायला आपल्याच आयाबाया जात. रक्तामांसाला हात लावणे हे हलके काम, म्हणून ते त्यांच्या वाट्याला. मोबदला मूठभर दाणे आणि वर विटाळ! १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचे प्राण गेले. ज्या सेवेला व्यवस्थेने विटाळ म्हटले तिला आज पदवी आहे, पगार आहे, मान आहे. आणि मान मिळायची वेळ आली की आपली मुलगी कागदाअभावी बाहेर राहते!

तो कागद कोणता? जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळे. २००१ पासून महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा लागू आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ठाणे जिल्ह्यात आपली माणसे कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून पोट भरायला आली. आजोबांचा शाळेचा दाखला राहिला गावी. आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद किंवा वतनाचा कागद शोधावा लागतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लागले. १९९० च्या कायद्याने बौद्धांच्या सवलती केंद्रातही मान्य झाल्या, पण कार्यालयाचा टेबल अजून पूर्वीची जातच विचारतो. जी जात आपण टाकून दिली तिचाच पुरावा द्यायचा, अशी ही विटंबना. तिच्यावर रागवावे जरूर, पण रागाच्या भरात अर्ज करायचा राहू नये.

आमच्या मुलीची चूक एकच झाली. तिने यादीत नाव लागल्यावर वैधतेसाठी धावपळ केली. वैधतेचा अर्ज आधी करायचा असतो, प्रवेशाचा नंतर. घरात वडील, सख्खा चुलता, भाऊ यांपैकी कुणाला वैधता मिळाली असेल तर ती प्रत सर्वात भक्कम पुरावा ठरते. म्हणून घरातल्या पहिल्या मुलाने वा मुलीने हे काम केले की मागच्या सगळ्यांची वाट सोपी होते.

दुसरी अडचण पैशाची. नोकरी सोडून दोन वर्षे शिकायचे तर घर कोण चालवणार? येथे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. त्याहून जास्त उत्पन्न असेल तर फ्रीशिपखाली शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत मागता येते. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे, तिच्या अटी वाचून अर्ज करावा. पण एक सावधगिरी बाळगा. "आमच्याकडे थेट प्रवेश आहे" असे सांगणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती मिळत नाही. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे की नाही ते पैसे भरण्यापूर्वी पाहा. त्या वर्षीची प्रवेशपुस्तिका स्वतः वाचा, दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नका.

आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. जयंतीला आपण डीजे, कमानी, बॅनर यांवर वर्गणी काढतो. त्याच विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ एक टेबल, दोन खुर्च्या आणि फॉर्म भरता येणारा एक पोरगा बसवायला किती खर्च येतो? वस्तीत जात वैधता कुणाकुणाला मिळाली, त्यांची एक वही ठेवा. ज्यांच्या मुली नर्स आहेत त्यांना बोलवा. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला सरकारी कार्यालयाच्या रांगेत एकटीने उभे राहावे लागू नये, एवढे तर समाज म्हणून आपण करू शकतो.

आमच्या मुलीचे वडील मागच्या आठवड्यात गावी जाऊन आले. शाळेच्या जुन्या रजिस्टरात आजोबांच्या थोरल्या भावाचे नाव सापडले, साल १९४१. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत आता तिच्या फाइलीत आहे आणि वैधतेचा अर्ज दाखल झाला आहे. यंदा ती पुन्हा फॉर्म भरणार आहे. तुमच्या घरातली डिप्लोमा झालेली मुलगी कधी भरणार?