किल्ट : नित्याचा पोषाख की समारंभाचा?

स्कॉटलंडच्या पहाडी मुलुखातील पुरुषांचे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे चुणीदार लोकरी वस्त्र म्हणजे 'किल्ट' होय. ते जगभर पुरुषांच्या नित्याच्या वापरात का येऊ नये, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. त्याचे उत्तर त्या वस्त्राच्या इतिहासातच सापडते.

किल्ट मुळात कष्टकऱ्याचा वेष होता. कित्येक वार लांबीचे लोकरी वस्त्र चुण्या घालून अंगाभोवती गुंडाळावे व वर पट्टा आवळावा. दिवसा तोच पोषाख, रात्री तेच पांघरूण. पुढे अठराव्या शतकात कमरेखालचा भाग तेवढा स्वतंत्र झाला. १७४५ च्या बंडानंतर, १७४६ साली, ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून या पोषाखास बंदी केली. पहिल्या अपराधास सहा महिने कैद, पुन्हा केल्यास सात वर्षे हद्दपारी! सरकारी पलटणींना मात्र मुभा होती. १७८२ साली बंदी उठली; परंतु तोवर सामान्य जन विजारीस सरावले होते. त्यांनी टाकलेला वेष मग प्रतिष्ठितांनी उचलला. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी योजिलेल्या सोहळ्यात खुद्द राजानेच किल्ट परिधान केला. किल्टला मान मिळाला. पण रोजच्या कामातून तो गेला तो गेलाच.

आज परंपरागत किल्टास सुमारे ८ वार लोकरी कापड लागते, चुण्या हाताने शिवाव्या लागतात, आणि खिसा नसल्याने कमरेस निराळी पिशवी बांधावी लागते. साहजिकच तो लग्नसमारंभात व मैदानी खेळांच्या मेळ्यांत दिसतो, कचेरीत क्वचितच.

पुरुषास विजारच हवी, असा काही सृष्टिनियम नाही. केरळात मुंडू व ब्रह्मदेशात लुंगी आजही रोज नेसतात. कारण ती स्वस्त, हलकी व घरी धुण्याजोगी आहेत. उलट महाराष्ट्रातील शहरांत धोतराची गत किल्टासारखीच झाली आहे : पूजेस व मंगलकार्यास ते निघते, एरवी घडी करून ठेविलेले असते.

२००० साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी खिसे असलेले, कामकाजास सोयीचे किल्ट निघाले. मार्ग हाच खरा. तथापि किल्ट नेसून बाजारात जाणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही, तेव्हाच तो नित्याचा झाला असे म्हणता येईल. आणि तो दिवस अद्याप दूर आहे.