गट ऑफिसचा फोन आणि उलटा कॉल

2004 साली मी नोकरीला लागलो तेव्हा गट ऑफिसातील ऊसनोंद मोडेमवरून, टेलिफोनच्या तारेने कारखान्यावर जाई. फोन विकास सोसायटीचा, बिलही तिच्याच माथी. शिवाय कोणीही नंबर फिरवून नोंदीत, म्हणजे तुमच्या तोडणीच्या पाळीत, हात घालील ही धास्ती. त्यावर उपाय निघाला ‘कॉलबॅक’चा. कारखान्याचा राउटर नाव-पासवर्ड तपासी, फोन ठेवी आणि आपल्या यादीतल्याच नंबरावर उलट फोन लावी. चोरट्याने पासवर्ड मिळवला तरी फोन वाजणार सोसायटीतच! बिल कारखान्यावर. खोड एकच. लाइन मोकळी होण्याआधी उलट फोन लावला तर ‘एंगेज’. राउटरला पंधराएक सेकंद थांबायला सांगावे लागे, आणि आमच्या कारकुनाला त्याहून जास्त. राउटर ऐके, कारकून पुन्हा नंबर फिरवीच.