चारीचा प्रश्न नाटकाच्या रिंगणात

‘‘साहेब, हे नाटक तुमचं हाये, आमचं नाही.’’

शाळेच्या पटांगणात पुढच्याच रांगेत बसलेल्या एका बाबांनी भर कार्यक्रमात असं ऐकवलं तेव्हा ढोलकीवाल्याचा हात जागीच थांबला. विषय होता बीजप्रक्रियेचा. कलापथक बोलावलं होतं, संहिता मीच लिहिली होती आणि ती चांगली जमली आहे असा माझा समज होता. त्यात एक अडाणी शेतकरी होता आणि एक हुशार कृषी अधिकारी. शेवटी शेतकऱ्याला अक्कल येते आणि तो साहेबांना हात जोडतो. बाबा पुढं म्हणाले, ‘‘तुमच्या नाटकात शेतकरी येडा आन् साहेब शहाणा. आमच्या वस्तीवर काही येळा उलटं बी असतं.’’ पटांगण हसलं. मीही हसलो, दुसरं काय करणार? पण त्या खरिपात बियाण्याला औषध चोळणारे शेतकरी कोण, ते पाहिलं तर आदल्या वर्षीचेच चेहरे. नाटकानं एकाचीही भर पडली नव्हती.

कृषी पदविका घेऊन या खात्यात आलो तेव्हा आम्हाला एक शिकवलं होतं, शेतकऱ्याला ‘पटवून द्यायचं’. भित्तीपत्रक, घडीपत्रिका, मेळावा, पथनाट्य ही सगळी पटवून देण्याची साधनं. यात शेतकऱ्यानं बोलायचं कधी, हे मात्र कुठल्याच धड्यात नव्हतं.

पुढं एका प्रशिक्षणात ब्राझीलच्या एका नाटकवाल्याची गोष्ट ऐकली आणि ते बाबा पुन्हा आठवले. ऑगुस्तो बोआल (१९३१ ते २००९) हे त्यांचं नाव. तरुणपणी ते आपली नटमंडळी घेऊन ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या गरीब शेतकऱ्यांपुढं नाटकं करायचे. एका नाटकाच्या शेवटी नट बंदुका उंचावून म्हणायचे, जमिनीसाठी आपलं रक्त सांडू या! खेळ संपल्यावर एक शेतकरी डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, ‘तुमचं आमचं मत एकच आहे. चला, जेवण करा, बंदुका घ्या आणि जमीनदाराची माणसं आमच्या एका सोबत्याच्या जमिनीवर बसलीत, त्यांना हाकलू या.’ नटांची पंचाईत झाली. बंदुका नाटकातल्या होत्या, खोट्या होत्या. ते कसेबसे म्हणाले, बंदुका खोट्या असल्या तरी आम्ही माणसं खरी आहोत. शेतकरी म्हणाला, मग या, बंदुका आमच्याकडे आहेत. नट गेले नाहीत. ज्या धोक्यात आपण स्वतः उडी घेणार नाही, त्यात दुसऱ्याला ढकलायचं नाही, असं बोआल यांनी त्या दिवशी ठरवलं.

आम्हा विस्तारवाल्यांना ही गोष्ट झोंबणारी आहे. नवं वाण लावा, नवं औषध वापरा असं आम्ही सांगतो. वाण फसलं तर कर्ज शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चढतं, आमचा पगार मात्र ठरलेल्या तारखेला होतो. आमच्याही बंदुका लाकडीच म्हणायच्या.

१९७१ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीनं बोआल यांना पकडलं आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. १९७३ साली पेरू देशात साक्षरतेच्या मोहिमेत काम करताना एक प्रसंग घडला. नवऱ्यानं फसवलेल्या एका बाईनं आता काय करावं, असा नाटकातला प्रश्न होता. प्रेक्षक उपाय सुचवायचे आणि नट तो करून दाखवायचे. एक धिप्पाड बाई काही केल्या समाधानी होईना. ‘मी सांगते तसं तुम्ही करतच नाही!’ शेवटी बोआल म्हणाले, मग तुम्हीच वर या आणि करून दाखवा. ती आली. तिनं नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला झाडूनं असं काही बदडलं की बिचारा गयावया करू लागला. तिथून प्रेक्षकानं ‘थांबा!’ म्हणायचं, पात्राच्या जागी स्वतः उभं राहायचं आणि प्रसंग पुढं न्यायचा, ही पद्धत रूढ झाली. बंगालमध्ये ‘जन संस्कृती’ ही संस्था १९८५ पासून खेड्यांत हेच काम करते. बोआल स्वतः १९९२ च्या निवडणुकीत रिओ शहराच्या महापालिकेवर निवडून गेले. वस्त्यावस्त्यांतल्या अशा नाटकांतून लोकांनी सुचवलेल्या गोष्टींचे तेरा कायदे त्यांच्या मुदतीत मंजूर झाले. आपल्या ग्रामसभेतल्या ‘सर्वानुमते मंजूर’ची आठवण इथं कोणाला झाली तर नवल नाही.

हे सगळं परदेशी आहे असं मात्र कोणी समजू नये. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्यात ग्रहांचा धाक घालून फसवलं जाणारं कुणबी जोडपं आहे आणि मध्ये मध्ये येऊन प्रेक्षकांशी बोलणारा विदूषक आहे. शेवटी ते नवरा-बायको शाळेची वाट धरतात. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाटक नाकारलं. पुढं सत्यशोधक जलसे तमाशाच्याच बाजानं गावोगाव फिरले. ‘मुलगी झाली हो’ हे ज्योती म्हापसेकरांचं नाटक १९८३ पासून स्त्री मुक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी खेड्यापाड्यांत नेलं.

अलीकडची दोन उदाहरणं आहेत आणि दोन्हींत अतुल पेठे हे दिग्दर्शक आहेत. गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ हे फुल्यांवरचं नाटक त्यांनी २०१२ च्या सुमारास पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसवलं. पहाटे झाडू मारणारी माणसं संध्याकाळी रंगमंचावर उभी राहिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांची शिबिरं पेठे आणि राजू इनामदार यांनी घेतली आणि त्यातून ‘रिंगणनाट्यं’ तयार झाली. स्टेज नाही, पडदा नाही. लोक गोल उभे राहतात आणि खेळ मध्ये चालतो. काम करणारी मंडळी धंदेवाईक नट नव्हेत, चळवळीतले साधे कार्यकर्ते. याच दाभोलकरांनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता यावं म्हणून २००० साली आंदोलन उभं केलं होतं, हे आपल्या भागातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. तो चौथरा बायकांना खुला झाला २०१६ च्या गुढीपाडव्याला.

दोन दिवस, बावीस माणसं

आता आमच्याकडचं. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात, रब्बीच्या आवर्तनाआधी, सोनईजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत आम्ही दोन दिवसांचं असं शिबिर घेतलं. या कामाची माहिती असलेला एक मित्र सोबत होता. चौदा पुरुष, आठ बाया. पहिला अर्धा दिवस नुसते खेळ झाले. एकाच्या हालचालीसारखी हुबेहूब हालचाल दुसऱ्यानं करायची, डोळे मिटून आवाजाच्या मागं चालायचं. पन्नाशीचे बागायतदार गडी लहान पोरांसारखे पळत होते. ‘‘हे काय पोरखेळ लावलेत?’’ असं म्हणणारेही होतेच.

मग ‘पुतळे’ करायला सांगितले. चारीला पाणी आल्यावर आपल्याकडं काय होतं, ते एकानं बाकीच्यांना उभं करून दाखवायचं. बोलायचं नाही. दोघा-तिघांनी पाटकऱ्याभोवतीची गर्दी दाखवली. एका बाईनं मात्र चार पुरुष दारावर कमरेवर हात ठेवून उभे केले आणि लांब, वर्गाच्या पार कोपऱ्यात, एकटी बाई उभी केली. तिच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडं. मान मागं वळलेली. कोणी विचारलं, ‘‘ही मागं काय बघती?’’ उत्तर आलं, ‘‘उसाकडं. बिबट्या.’’

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

याच पुतळ्यावर दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांचं नाटक उभं राहिलं. टेलची एकटी बाई, नवरा वारलेला. पाळी आली रात्री दोनला. ती अंधारात जाते तर वरच्यानं दारं मोडून पाणी आपल्याकडं वळवलेलं. ती परत येते. गहू वाळतो. खेळ संपला. मग तोच खेळ पुन्हा सुरू केला आणि सांगितलं, जिथं वाटेल तिथं ‘थांबा!’ म्हणा आणि बाईच्या जागी या.

पहिला आला तो तावातावानं भांडला. वरच्याचं काम करणारा गडी पक्का, हलला नाही. दुसरी बाई पाटकऱ्याकडं गेली, तो म्हणाला, ‘‘वर विचारा.’’ तिसऱ्यानं भावकीतली चार माणसं आणली, तर वरच्यानं आठ आणली आणि प्रकरण पोलिसांत जाण्याच्या बेतात आलं. एकानं वरच्या शेतकऱ्याचं काम मागून घेतलं आणि तो एकदम साधुसंत झाला: ‘‘घ्या बाई पाणी.’’ सगळे ओरडले, ‘‘असं कुठं होतं का?’’ या पद्धतीत याला जादू म्हणतात आणि ती चालत नाही. जाच करणारा आपोआप सुधारला असं धरायचं नाही. मार्ग शोधायचा तो सोसणाऱ्याच्या जागेवरून.

मग एक सून उठली. ती म्हणाली, ‘‘रातीचं कशाला, दिवसाच चारीवरच्या सगळ्यांना गोळा करा आन् यादी कोणी केली ते विचारा.’’ खेळातच बैठक भरली. बैठकीत प्रश्न निघाला, यादी दर वेळी वरूनच का सुरू होते? खरं तर शेवटाकडून सुरुवात करून वर यायचं, हा कालव्यावरचा जुनाच नियम. मुळा उजव्या कालव्यावर तर चांद्याच्या मायनरवर १९८९ च्या सुमारास श्री दत्त सहकारी पाणी वापर संस्था सुरू झाली, राज्यातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. म्हणजे आपल्या शेजारच्या शिवारात लोकांनी हे पाणी स्वतः वाटून घेतलेलं आहे. पण नियम माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत तोंडानं विचारणं वेगळं.

दुपारी भूमिकांची अदलाबदल केली. चारीच्या तोंडाशीच ज्यांची जमीन आहे अशा एका गृहस्थांना टेलच्या बाईचं काम दिलं. डोक्यावर पदर घेताना हशा पिकला. वर्गाची दारं-खिडक्या लावून अंधार केला. मागून कोणी बिबट्याचा आवाज काढला, पुन्हा हशा. मग हळूहळू सगळं शांत झालं. ते अंधारात बॅटरी धरून पाण्याची वाट बघत उभे राहिले आणि आम्ही मुद्दाम खेळ थांबवला नाही. पाचएक मिनिटं गेली असतील. दारं उघडल्यावर ते म्हणाले, ‘‘तीस वर्षं झाली. माझ्या रानाच्या पुढं चारी कुठवर जाती ते मी कधी चालत जाऊन बघितलंच नाही.’’

जमलं ते आणि न जमलं ते

त्या रब्बीत पहिल्या आवर्तनाला यादी शेवटाकडून लागली. ज्या तीन खात्यांवर बाईमाणूसच शेती बघतं, त्यांच्या पाळ्या दिवसा ठेवल्या. दुसऱ्या आवर्तनाला कालवा अपेक्षेपेक्षा दोन दिवस आधी बंद झाला आणि मागचं भांडण पुन्हा निघालं. या खेपेला वरचे कोरडे राहिले होते! तिसऱ्याला पुन्हा बैठक बसली आणि निभावलं. नाटकानं धरणात पाणी वाढत नाही, हे कबूल केलं पाहिजे. आहे त्या पाण्याचं बोलणं तेवढं सुरू झालं.

एक चूक माझ्या हातून झाली. नाटकातल्या वरच्या शेतकऱ्याला कोणीतरी गावातल्या एकाचं टोपणनाव दिलं आणि मी हसून सोडून दिलं. तो माणूस शिबिरातच होता. तो उठून गेला, ते सहा महिने माझ्याशी बोलला नाही. खरं नाव, टोपणनाव, अगदी बैलाचं नावसुद्धा ओळखू येईल असं रिंगणात आणू द्यायचं नाही, हे पहिल्या तासालाच सांगायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. सुरुवातीला आम्ही विषयाच्या चिठ्ठ्या मागवल्या होत्या, नाव न लिहिता. पाणी, कांद्याचा भाव, दारू, मुलांची लग्नं, बांधाची भांडणं असं सगळं आलं. जानेवारी २०१३ मध्ये जातीबाहेरच्या प्रेमाच्या कारणावरून तीन तरुणांचा खून झाला आणि सोनईचं नाव सगळ्या महाराष्ट्रात गेलं. त्या विषयाची चिठ्ठी एकही नव्हती. बावीसपैकी एकानंही लिहिली नाही आणि मीही लिहिली नाही. ज्या कामगारांनी ‘सत्यशोधक’ केलं, त्यांच्यासारखंच काम करणारी घरं आपल्याकडंही आहेत. त्यांच्यातलं कोणी त्या वर्गात बसलेलं नव्हतं, हे मला घरी आल्यावर सुचलं. बोलवायची यादी मीच केली होती.

ज्या ग्रामसेवक, शिक्षक किंवा सहकारी बंधू-भगिनींना असं शिबिर घ्यावंसं वाटतं त्यांनी पाहुणे, हार, दीपप्रज्वलन काही ठेवू नये. वीस-पंचवीस माणसं पुरे, त्यात निम्म्या बाया हव्यात आणि त्यांना सोडायचं ते धारा काढायच्या वेळेच्या आत. कांदा लागवडीत किंवा ऊसतोडीत बोलावलंत तर कोणी येणार नाही. खुर्च्या बाहेर काढाव्यात, साहेबांचीसुद्धा. एका सभेत साहेबांची खुर्ची आत राहिली आणि सगळं शिबिर त्या खुर्चीकडं तोंड करून बोलत होतं, हे मी पाहिलं आहे. खर्च म्हणाल तर चहा, दोन वेळचं जेवण आणि सतरंज्या. शेतीशाळा घेणाऱ्यांना हे नवं वाटायला नको. इंडोनेशियात १९८९ मध्ये भाताच्या तुडतुड्यांवरून शेतीशाळा सुरू झाल्या, त्याही शेतकऱ्यानं स्वतः पिकात उतरून बघावं आणि स्वतः ठरवावं यासाठीच.

पुढचं शिबिर संक्रांतीनंतर घ्यायचं चाललं आहे. विषय या वेळी बायांनी ठरवला आहे, सातबाऱ्यावर बाईचं नाव. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत आपलंही नाव लागणार होतं, पण ते राहिलं ते राहिलंच, असं त्यांतल्या एका आजींनी सांगितलं. त्यांचं काम त्या स्वतःच करणार आहेत. नवऱ्याचं काम कोणी करायचं, ते अजून ठरलेलं नाही. दोघांना विचारलं, दोघंही ‘बघू’ म्हणाले.