हरवलेली पावती आणि गिऱ्हाइकाचा हक्क

शहरांतील पुष्कळ दुकानांत पैसे घेण्याच्या जागीं एक पाटी टांगलेली दिसते: "एकदां विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं." ही पाटी इतकी परिचयाची झाली आहे कीं, तिला कायद्याइतकेंच बळ आहे असें सुशिक्षित घरांतूनहि मानलें जातें. पाटी नसली तर दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पावती कोठें आहे?" पावती सांपडली नाहीं म्हणजे गिऱ्हाईक मान खालीं घालून परत फिरतें आणि बिघडलेली वस्तु माळ्यावर जाऊन पडते. वास्तविक पाहतां ती पाटी व तो प्रश्न या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सदोष मालाच्या बाबतींत पाटीला कायद्याचा आधार नाहीं. प्रश्नाला आहे, परंतु लोक समजतात तितका नाहीं.

विषय स्पष्ट होण्यासाठीं एका उदाहरणाची कल्पना करावी. ठाण्यांत खोपट येथें, एस. टी. स्थानकाच्या आसपास, एक कुटुंब राहतें. सणाच्या दिवसांत त्या घरच्या बाईंनीं राम मारुती रस्त्यावरील एका दुकानांतून मिक्सर घेतला आणि जांभळी नाक्याजवळून नणंदेसाठीं एक साडी घेतली. चवथ्या दिवशीं चटणी वाटतां वाटतां मिक्सरमधून जळका वास आला व तो बंद पडला. साडी धडधाकट होती. पण तिचा रंग नणंदबाईंच्या मनास येईना. दोन्ही वस्तु परत कराव्या असें ठरलें, तों दोन्ही पावत्या घरांतून नाहींशा झालेल्या. कदाचित् त्या पिशवीबरोबर केरांत गेल्या असतील. अशा वेळीं बाईंच्या हातीं काय उरतें?

प्रथम मिक्सर आणि साडी यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. मिक्सर सदोष आहे. साडी केवळ नापसंत आहे. निर्दोष वस्तु मन बदललें म्हणून दुकानदारानें परत घेतलीच पाहिजे, असा भारतांत सर्वसाधारण कायदा नाहीं. पुष्कळ दुकानदार ती बदलून देतात, कांहीं पैशांऐवजीं तेवढ्याच रकमेची चिठ्ठी देतात. पण हें सारें त्यांच्या व्यापारी धोरणाचा अथवा सौजन्याचा भाग होय. दुकानानें तसें आश्वासन आधीं दिलें असेल, तर मात्र तें त्याला पाळावें लागतें. आणि त्या आश्वासनांत "पावतीसह" अशी अट असेल, तर तीहि गिऱ्हाइकाला मान्य करावी लागते. म्हणून साडीच्या दुकानीं जातांना बाईंनीं हक्काची भाषा न करितां विनंतीची करावी. घडी न मोडलेली, किंमतीची चिठ्ठी न काढलेली साडी ओळखीचा दुकानदार बहुधा बदलून देतो.

मिक्सरची गोष्ट अगदीं वेगळी. येथें कायदा बाईंच्या बाजूस उभा आहे, आणि तो आजकालचा नव्हे. मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे व तो आजहि लागू आहे. त्याच्या ५ व्या कलमाप्रमाणें विक्रीचा करार लेखी होऊं शकतो, तोंडी होऊं शकतो, किंवा उभय पक्षांच्या वर्तनावरूनहि सिद्ध होऊं शकतो. गिऱ्हाइकानें पैसे दिले, दुकानदारानें वस्तु दिली, कीं करार पुरा झाला. पावती ही त्या कराराची जननी नव्हे. ती त्याची साक्षीदार आहे. एक साक्षीदार हरवला म्हणून घडलेली गोष्ट न घडलेली होत नाहीं. ती दुसऱ्या साक्षीदारांकडून सिद्ध करावी लागते, एवढेंच. सर्व प्रश्नाचें मर्म या एका भेदांत आहे.

त्याच कायद्याच्या १६ व्या कलमानें आणखी एक संरक्षण दिलें आहे. त्या त्या प्रकारचा माल विकणें हाच ज्याचा धंदा, त्याच्याकडून वर्णनावरून घेतलेली वस्तु विकण्यालायक दर्जाची असली पाहिजे, अशी अट करारांत न लिहितांहि गृहीत धरली जाते. मात्र गिऱ्हाइकानें वस्तु तपासून घेतली असेल, तर त्या तपासणींत सहज दिसावयास हवा होता असा दोष मागाहून पुढें करतां येत नाहीं. मिक्सरच्या भांड्याला पडलेला पोंचा दुकानांतच दिसावयास हवा. आंतील गुंडाळीचा दोष कोणासहि तेथें दिसणार नाहीं. शिवाय वाजवी मुदत उलटून जाईपर्यंत, नापसंती न कळवितां वस्तु ठेवून घेतली, तर ती स्वीकारली असें ४२ वें कलम मानतें. म्हणून दोष दिसतांच दुकानदाराला कळविणें हें पावती शोधण्याहूनहि अधिक महत्त्वाचें आहे.

या जुन्या कायद्याच्या जोडीला पुढें ग्राहक संरक्षणाचा कायदा आला. महाराष्ट्रांत ग्राहकांच्या संघटनेचें बीज त्यापूर्वींच पडलें होतें. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यास ग्राहक पंचायतीची स्थापना केली, व १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. केंद्राचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालीं झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अंमलांत आला. विकलेला माल सदोष निघाल्यावर बिलांत लिहिलेल्या मुदतींत, आणि तशी मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, तो परत घेऊन पैसे देण्यास नकार देणें, ही त्या कायद्यानें अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. म्हणजे सदोष मालाच्या बाबतींत भिंतीवरची ती पाटी निरर्थक ठरते. आणखी मौजेची गोष्ट अशी कीं, बिल अथवा पावती न देणें हीहि त्याच यादींतील अनुचित प्रथा आहे. पावती दिलीच नाहीं आणि मागाहून पावतीच मागितली, हा दुकानदाराचा दुहेरी डाव कायद्याला मान्य नाहीं.

आतां दुसरे साक्षीदार कोणते, तें पाहूं. पहिला साक्षीदार बँक. रोख पैसे न देतां कार्डानें किंवा मोबाइलवरून यू. पी. आय. च्या द्वारें पैसे दिले असतील, तर कोणास, कोणत्या दिवशीं, किती वाजतां व किती रक्कम गेली याची नोंद राहते. काय घेतलें हें मात्र त्या नोंदींत नसतें. तें दुसऱ्या पुराव्यानें जुळवावें लागतें. दुसरा साक्षीदार खुद्द दुकानदाराचें दप्तर. वस्तु व सेवा कराच्या कायद्याखालीं नोंदणी झालेल्या व्यापाऱ्याला बिलाची आपली प्रत व हिशेब सुमारें सहा वर्षें जपून ठेवावे लागतात. गिऱ्हाइकाची प्रत हरवली तरी दुकानची प्रत जागेवर असते. दिवस, रक्कम किंवा खरेदीच्या वेळीं सांगितलेला मोबाइल क्रमांक दिला, तर संगणकांतून ती बहुधा दोन मिनिटांत निघते. म्हणून दुकानीं गेल्यावर "पावती नाहीं" या कबुलीनें आरंभ न करितां, "अमुक दिवशीं अमुक रक्कम दिली, आपल्याकडील बिलाची प्रत काढून द्यावी," या विनंतीनें आरंभ करावा.

तिसरा साक्षीदार म्हणजे वस्तु स्वतः. विजेच्या उपकरणांवर बहुधा अनुक्रमांक असतो. प्रत्येक मोबाइलला पंधरा आंकड्यांची स्वतंत्र ओळख असते. दुकानाचा शिक्का व तारीख असलेलें हमीपत्र खोक्यांत राहिलें असेल, तर तें पावतीच्या खालोखाल बळकट होय. खोक्यावर उत्पादकाचें नांव, पत्ता व तक्रारीसाठीं संपर्क छापणें नियमानें बंधनकारक आहे. दुकानदार दाद देत नसेल तर हमीच्या मुदतींत उत्पादकाकडेहि जातां येतें. शेवटीं बरोबर आलेलें माणूस, दुकानच्या नांवाची पिशवी, दुकानाकडून मोबाइलवर आलेला संदेश, हे लहान पुरावेहि एकत्र केले म्हणजे वजनदार होतात. इंग्लंडांतहि २०१५ च्या कायद्यानें सदोष माल तीस दिवसांत नाकारण्याचा हक्क दिला असून, तेथेंहि पावतीऐवजीं बँकेचा उतारा पुरावा म्हणून चालतो.

दुकानदाराची बाजूहि विसरतां कामा नये. पावती मागणारा प्रत्येक व्यापारी लबाड नसतो. तोच मिक्सर शेजारच्या दुकानांतहि मिळतो. दुसरीकडे घेतलेला माल आपल्या गळ्यांत मारला जाईल ही त्याची भीति खरी आहे. सवलतीच्या दिवसांत कमी किंमतीस घेतलेली वस्तु मागाहून पुऱ्या किंमतीला परत करूं पाहणारेहि असतात. शिवाय परत आलेल्या मालाचा कर वजा करून घेण्यासाठीं त्याला मूळ बिलाशीं जुळणारी जमाचिठ्ठी काढावी लागते. तेव्हां "ही वस्तु माझ्याच दुकानची कशावरून?" हा प्रश्न रास्त आहे, त्याचें उत्तर दिल्यावरहि नकार देणें तेवढें रास्त नाहीं.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें सर्वांत मोठा धोका हरवलेल्या पावतींत नसून, न घेतलेल्या पावतींत आहे. "पक्कें बिल पाहिजे असेल तर कर लागेल, नको असेल तर एवढ्यांत देतों," हें वाक्य बाजारांत नित्य ऐकूं येतें, आणि घरांतील हिशेबी माणसालाहि त्याचा मोह पडतो. थोडीशी बचत होते, पण तिच्याबरोबर दुकानच्या दप्तरांतील आपली नोंदहि पुसली जाते. रोख पैसे दिले असतील तर बँकेचा साक्षीदारहि उरत नाहीं. हातीं आलेलें कच्चें बिल अगदींच निरुपयोगी नसतें, तें जपावेंच. पण त्यावर दुकानाचें नांवसुद्धां पुष्कळदां नसतें. दोनशें रुपयांच्या आंतील खरेदीवर गिऱ्हाइकानें मागितलें नाहीं तर स्वतंत्र बिल न देण्याची मुभा नोंदणीकृत व्यापाऱ्याला आहे. मागितल्यास मात्र तें द्यावें लागतें.

घेतलेली पावतीहि टिकतेच असें नाहीं. आजकालच्या पुष्कळ पावत्यांवर शाई नसतेच. कागदावर उष्णतेनें काळें पडणारें रसायन लावलेलें असतें व यंत्र त्यावर तापून अक्षरें उमटवितें. ऊन, उष्णता, तेलकट हात किंवा प्लॅस्टिकची पिशवी यांच्या संगतींत तीं अक्षरें कांहीं महिन्यांत फिकीं पडतात. दोन वर्षांच्या हमीसाठीं जपलेली पावती ऐन वेळीं कोरी निघते ती यामुळें. घरीं येतांच तिचें मोबाइलवर छायाचित्र घ्यावें, अथवा छायाप्रत काढून हमीपत्राला जोडावी. एवढ्यानें पुढील अर्धी वादावादी वांचते.

खोपटच्या बाईंनीं, म्हणून, मिक्सर, खोकें व बँकेची नोंद घेऊन दुसऱ्याच दिवशीं दुकानीं जावें आणि नकार मिळाल्यास तक्रार लेखी द्यावी. मोबाइलवरील संदेश किंवा ई-मेलहि चालेल. त्यांत तारीख, रक्कम, दोष आणि मागणी, म्हणजे दुरुस्ती, बदली कीं परतावा, हें स्पष्ट असावें. त्यानेंहि काम न झालें तर १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवितां येते. शेवटचा मार्ग ठाणें जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. जेथें तक्रारदार राहतो तेथील आयोगाकडे जाण्याची सोय २०१९ च्या कायद्यानें केली आहे. पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठीं शुल्क नाहीं, वकील सक्तीचा नाहीं, व तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दोष परीक्षेवांचून ठरत नसेल तर आयोग वस्तु प्रयोगशाळेंत पाठवूं शकतो. आणि साडी पुढें पहिल्याच धुण्यांत विटली, तर नणंदबाईंनाहि तक्रारीचा मार्ग मोकळा आहे. कारण घेणाऱ्याच्या संमतीनें वस्तु वापरणारी व्यक्तीहि कायद्याच्या दृष्टीनें ग्राहकच होय.

तात्पर्य, पावती घ्यावी, वाचावी आणि जपावी. कारण सर्व साक्षीदारांत तीच सर्वांत स्वस्त व सर्वांत स्पष्ट बोलणारी आहे. परंतु ती हरवली म्हणून सदोष वस्तु निमूटपणें माळ्यावर टाकण्याचें कारण नाहीं. घामाचे पैसे देऊन घेतलेल्या वस्तूवरचा हक्क पैसे देतांनाच उत्पन्न झालेला असतो. तो त्या कागदाबरोबर केरांत जात नाहीं.