कोंबड्याची आई कोण?

गावात कोंबड्या पाळणारी घरे पुष्कळ असतात. पण रवणाला अंडी हवी असली, की लोक ठरावीक दोनचार घरांच्याच दारात जातात. त्या घरची पिल्ले जगतात, तलंगा वेळेवर अंड्यावर येतात, असा अनुभव असतो. अशाच एका घरी आम्ही काही शिक्षक गेलो होतो. आनुवंशिकता शिकवताना मेंडेलच्या वाटाण्यांच्या जोडीला मुलांच्या रोजच्या पाहण्यातले एखादे उदाहरण हवे होते.

अंगणात दोन कोंबडे होते. एक तांबडा, उंच, कमानदार शेपटीचा. दुसरा करडा आणि जरा बसका. पैदाशीला यातला कोणता ठेवाल, असे घरच्या आजींनी आम्हालाच विचारले. आम्ही तांबड्याकडे बोट दाखवले. आजी हसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, त्याची आई कोण ते नाही इचारलंत!"

तांबड्याची आई दहाबारा अंडी घालून खुडूक व्हायची आणि रवण अर्धे टाकून उठायची. करड्याची आई जास्त अंडी द्यायची आणि घारीला अंगावर घेऊन पिल्ले वाचवायची. आजींचा प्रश्न साधा होता, पण आनुवंशिकतेचा गाभा त्यात आला होता.

न दिसणारे गुण

कोंबडा अंडी घालत नाही. म्हणून अंड्यांच्या बाबतीत त्याचा काय संबंध, असे मुलांना वाटते. पण पिल्लाला निम्मी जनुके बापाकडून मिळतात. जास्त अंडी देण्यास कारणीभूत होणारी जनुके कोंबड्याच्या अंगी असतातच. ती त्याच्यात दिसत नाहीत, त्याच्या मुलींमध्ये दिसतात. म्हणून कोंबड्याची परीक्षा त्याच्या आईवरून आणि बहिणींवरून करावी लागते, आणि पुढे वेळ मिळाला तर मुलींवरून. दुधासाठी वळूची निवडही याच तत्त्वावर होते.

शिवाय आठदहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा असतो. म्हणजे पुढच्या पिढीची निम्मी आनुवंशिकता एकाच पक्ष्याकडून येते. कोंबडी निवडताना चूक झाली तर ती एका रवणापुरती राहते. कोंबडा निवडताना झालेली चूक मात्र सगळ्या खुराड्याला भोवते.

बोटांनी पाहायची परीक्षा

आजींनी एक कोंबडी काखेत धरली आणि शेपटीखालची दोन बारीक हाडांची टोके चाचपायला सांगितले. अंड्यावर असलेल्या कोंबडीत या टोकांमध्ये दोनतीन बोटे सहज मावतात. अंडी बंद असतील तर एक बोटही मुश्किलीने बसते. तुराही पाहायचा. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लाल, मऊ आणि भरलेला असतो. बंद झालेलीचा फिका आणि आक्रसलेला. अंडाशयातून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे हे बदल होतात.

पिवळ्या पायांच्या कोंबडीत आणखी एक खूण मिळते. मका आणि हिरव्या पाल्यातून येणारे पिवळे रंगद्रव्य एरवी कातडीत आणि पायांत साठते. अंडी सुरू झाली की ते बलकाकडे वळते. मग आधी गुदद्वाराभोवतीचा, नंतर डोळ्याभोवतीचा, मग चोचीचा आणि सर्वांत शेवटी पायांचा पिवळेपणा उतरतो. पाय फिके पडलेली कोंबडी बरेच दिवस नेमाने अंडी देत आहे, असा याचा अर्थ.

या पिवळ्या रंगाची कथा आपल्या सह्याद्रीशी जोडलेली आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून असे दिसले, की पिवळ्या कातडीचे जनुक बहुधा करड्या रानकोंबड्याकडून आले आहे. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे ज्याची बांग ऐकू येते, तोच हा पक्षी.

मात्र एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. हाडे, तुरा आणि पाय यांवरून कोंबडी *सध्या* अंडी देते की नाही एवढेच कळते. तिची मुलगी कशी निघेल हे त्यावरून नक्की सांगता येत नाही. भरपूर दाणे मिळालेली सामान्य कोंबडीही काही काळ उत्तम दिसते. संगोपनाचा परिणाम आणि आनुवंशिक गुण यांतला फरक इथे सोप्या रीतीने दाखवता येतो.

नकळत होणारी उलटी निवड

मग गावातल्या बाकीच्या घरांत पैदास का घसरते? आजींचे उत्तर होते, "चांगला तोच आधी जातो." आखाड येतो, जत्रा येते, पाहुणे येतात. ज्या कोंबड्याचे वजन लवकर भरते त्याला गिऱ्हाईक लवकर मिळते. मागे राहतो तो किडकिडा, उशिरा वाढलेला. पुढच्या पिल्लांचा बाप तोच होतो. ही निवड कोणी ठरवून केलेली नसते, पण ती होतच असते.

तिचा परिणाम फळ्यावर मांडून पाहू. समजा, सहा महिन्यांच्या नरांचे सरासरी वजन १५०० ग्रॅम आहे. आपण १८०० ग्रॅमचा कोंबडा ठेवला. फरक ३०० ग्रॅमचा. पिल्लांमध्ये बापाचा वाटा निम्मा, म्हणजे १५० ग्रॅम. वजनातल्या फरकाचा एक तृतीयांश भागच आनुवंशिक आहे आणि बाकीचा खाण्यापिण्याचा, असे धरू. मग पुढच्या पिढीतल्या नरांचे सरासरी वजन सुमारे ५० ग्रॅमने वाढेल. आता १८०० ग्रॅमचा विकून १२०० ग्रॅमचा ठेवला तर? तेवढेच ५० ग्रॅम घटतील. एका पिढीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. पाचसहा पिढ्यांनंतर "हल्ली गावठी कोंबडी पहिल्यासारखी राहिली नाही" असे लोक म्हणू लागतात.

चांगली म्हणजे कशी?

निवड करण्यापूर्वी कशासाठी निवडायचे ते ठरवावे लागते. पांढऱ्या लेगहॉर्नच्या व्यापारी वाणांना अंड्यांसाठी पिढ्यान् पिढ्या निवडले गेले. त्या वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देतात, पण बहुधा खुडूक होत नाहीत. अंडी उबवण्याचे यंत्र असलेल्या केंद्राला हा गुण सोयीचा आहे. ज्या घरात यंत्र म्हणजे कोंबडीच, तिथे २१ दिवस रवणावर बसून पुढे पिल्ले सांभाळणारी आईच हवी. एकाच्या दृष्टीने जो दोष, तो दुसऱ्याच्या दृष्टीने गुण.

आजी आणखी एक कसोटी लावत. इतरांना टोचून दाण्यावरून हुसकावणारी कोंबडी कितीही अंडी देवो, तिचे रवण त्या घालत नसत. याच्याशी जुळणारा एक प्रयोग अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी केला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका पिंजऱ्यात बहिणीबहिणी एकत्र ठेवल्या. निवड एकेका कोंबडीची न करता पूर्ण पिंजऱ्याच्या कामगिरीवरून केली. निवडलेल्या वाणात वर्षभरातले मृत्यूंचे प्रमाण दुसऱ्या पिढीत ६८ टक्के होते. चौथ्या पिढीत ते ८.८ टक्क्यांवर आले. अंडीही वाढली. इतरांना मारून पुढे जाणाऱ्या पक्ष्याला 'सर्वोत्तम' ठरवले तर कळपाचे नुकसान होते, हे या प्रयोगाने दाखवले.

अनुभव पारखून घ्यावा

अनुभवी माणसांचे सगळेच बरोबर असते असे नाही. टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. पिल्लाचे लिंग अंड्याच्या आकारावर ठरत नाही, आईकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते. कोंबडीत झेड आणि डब्ल्यू अशी दोन लिंग-गुणसूत्रे असतात, कोंबड्यात दोन्ही झेड. आईने झेड दिले तर नर, डब्ल्यू दिले तर मादी. माणसात हे काम बापाच्या गुणसूत्राने होते. त्यामुळे ही तुलना वर्गात चांगली रंगते.

उलट, दोन वर्षांनी कोंबडा बदलावा हा आजींचा नियम पक्का शास्त्रीय आहे. तोच कोंबडा राहिला तर त्याचा त्याच्या मुलींशी संयोग होतो. मग अप्रभावी दोष एकत्र येतात, अंडी कमी फळतात, पिल्ले दुबळी निघतात. दुसऱ्या वाडीतून कोंबडा आणताना मात्र तो दोनतीन आठवडे वेगळा डालावा आणि मानमोडीची लस टोचून घ्यावी. नाहीतर चांगल्या रक्ताबरोबर रोगही घरात येतो.

वर्गासाठी

ज्या मुलांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी प्रत्येक कोंबडीच्या पायात वेगळ्या रंगाचे सैल कडे घालावे आणि वहीत पुढील नोंदी वर्षभर ठेवाव्यात :

१. घातलेली अंडी, रवणाला ठेवलेली अंडी आणि निघालेली पिल्ले.
२. दोन महिन्यांनी जिवंत असलेली पिल्ले.
३. विकलेला कोंबडा कोणत्या आईचा, आणि ठेवलेला कोणत्या आईचा.
४. अंड्याचा आकार आणि निघालेल्या पिल्लाचे लिंग. (वरची समजूत तपासण्यासाठी.)

कोंबड्या हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची. आजी लिहीत नाहीत, त्यांच्या डोक्यात ती चाळीस वर्षांची आहे. त्या डोक्यातून ती वहीत उतरली नाही, तर त्यांच्यामागे ते खुराडेही इतरांसारखेच होईल. अनेक घरांत अंड्याकोंबडीचा पैसा हा बाईचा स्वतःचा पैसा असतो. वह्या, एस.टी.चे भाडे, औषध त्यातून येते. म्हणून या नोंदी केवळ अभ्यासापुरत्या नाहीत.

त्या आखाडात आजींनी तांबडा कोंबडा विकला. त्याला चांगला भाव आला. करडा मात्र खुराड्यात राहिला.